कपाळावरची पट्टी

“ताई, एक मानूस बनवून दे मले.”

मामेभावाचा फोन आला तेव्हा मी सातवीच्या चित्रकलेच्या वह्या तपासत होते. ‘माझे गाव’ या विषयावर एका मुलीनं माजरी काढली होती आणि आभाळाला निळा खडू लावलाच नव्हता. करडा लावला होता. तिला दहापैकी नऊ दिले, वही मिटली आणि विचारलं, “कसला माणूस?”

“खानवाला. नाटकात आहे. त्याचे कपडे तू सांग, अन् तोंडं काढून दे. हासतानाचं, रडतानाचं, भेवलेलं, रागातलं. पंधरा-वीस तोंडं काढ. मेकअपच्या खोलीत भितीले चिटकवून ठेवतो.”

भाऊ ब्रह्मपुरीकडे धानाची शेती करतो आणि दर एक-दोन वर्षांनी नाटक लिहितो. जिल्हा आमचा एकच, चंद्रपूर; पण मामाचं गाव झाडीत आणि आमचं माजरी कोळशात. त्यांच्याकडे बांध्या, बोड्या, पळस आणि साग. आमच्याकडे काळी माती, तिच्यावर कापूस, आणि तिच्या पोटात तिच्याहून काळं. दिवाळीत धान हाती आलं की झाडीपट्टीत मंडया भरू लागतात. गावोगावचे सोयरे येतात, दिवसा बैलांचा शंकरपट, रात्री नाटक. होळीपर्यंत हे चालतं. एकाच गावात एकाच रात्री दोन-दोन, तीन-तीन नाटकं लागतात आणि सगळ्या मांडवांना माणूस पुरतो. वडसा हे नाटक कंपन्यांचं गाव. सरकारी कागदावर त्याला देसाईगंज म्हणतात, नाटकवाले वडसाच म्हणतात. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीवर आयुष्य काढल्याबद्दल.

त्या वर्षी भावाच्या मंडळानं बाहेरची कंपनी बोलवायची नाही, गावातल्या पोरांनीच नाटक करायचं असं ठरवलं होतं. ड्रेपरी, म्हणजे नाटकाची कापडं, वडशाहून भाड्यानं येणार होती. ड्रेपरीवाल्याच्या ट्रंकेत पाटील असतो, राजा असतो, इन्स्पेक्टर असतो, दारुडा असतो. पाटलाला कोट आणि फेटा, खलनायकाला चकचकीत शर्ट आणि गॉगल, गरिबाला गुडघ्यावर ठिगळ. माणूस विंगेतून बाहेर पडायच्या आत तो कोण ते मागच्या रांगेतल्या म्हातारीला कळलं पाहिजे, असा तिथला हिशोब. मला तो हिशोब आवडतो. शहरातली नाटकं पाहताना कित्येकदा अर्धा अंक संपेपर्यंत नवरा कोण आणि दीर कोण हेच मला उमगत नाही.

पण खाणवाला ट्रंकेत नव्हता.

भावाची गोष्ट साधी होती. एका शेतकऱ्याचं वावर खाणीत जातं, त्याबदल्यात त्याला त्याच खाणीत नोकरी लागते, आणि तो रोज आपल्याच वावराच्या खाली उतरून काम करतो. त्याचं नाव भावानं ठेवलं नव्हतं. संहितेत नुसतं ‘खानवाला’. झाडीबोलीत ‘ण’ नाही, तसा ‘ळ’ही नाही, ‘काळा’चा ‘कारा’ होतो. फोन ठेवता ठेवता तो म्हणाला, “तोंड पुरा कारा करू त्याचं. तेवढं तर आमाले जमते.”

मी दोन रात्रींत चित्रं करून टाकली. पिवळं हेल्मेट, निळा शर्ट, गमबूट, गुडघ्याला ठिगळ आणि काळंकुट्ट तोंड. मग त्याच तोंडाच्या पंधरा प्रती. भुवया वर नेल्या की आश्चर्य, मध्ये ओढल्या की राग, ओठांची टोकं खाली आणली की दुःख. वर्गात नवरसांचा तक्ता मी दरवर्षी काढून घेते, हात बसलेला आहे. नाट्यशास्त्रात भरतानं अभिनयाचे चार प्रकार सांगितले: आंगिक, वाचिक, आहार्य, सात्त्विक. आहार्य म्हणजे वेश आणि रंग, जे बाहेरून चढवायचं ते. सात्त्विक म्हणजे आतून येतं ते, घाम, कंप, आसू. माझी पंधराही तोंडं बाहेरून चढवलेली होती. चित्रं भिंतीला लावून लांबून पाहिली तर खाणीत दरवर्षी सुरक्षा पंधरवड्याला लागतात त्या पोस्टरांसारखी दिसली. ‘हेल्मेट घाला, घरी सुखरूप परता’ एवढंच लिहायचं राहिलं होतं.

बाबा संध्याकाळी फिरून आले आणि भिंतीसमोर उभे राहिले.

“हा कोन आहे?”

“खाणवाला.”

“काहून इतका काळा?”

मला हसू आलं. तीस वर्षं भुयारात काढलेल्या माणसानं हे विचारावं! म्हटलं, कोळसा काळाच असतो ना बाबा.

“कोळसा असते काळा. मानूस असा काळा नसते होत,” ते म्हणाले. मग माझ्या हातातला खोडरबर घेतला आणि चित्रातल्या कपाळावर आडवा एक पट्टा पुसून काढला. “हेल्मेटच्या आत पट्टा राहते. तो इथं दाबून बसते. घाम सुटते, पन भुकटी नाही शिरत. हेल्मेट काढलं का हे इतकं पांढरं.”

त्या रात्री त्यांनी मला एक तोंड सांगितलं आणि मी ते काढत गेले. कपाळावर पट्टी. तिच्याखाली भुवयांत भुकटी अडकते म्हणून भुवया असतात त्याहून दाट दिसतात. नाकाच्या बाजूच्या घड्या काळ्या, नाकपुडीची कड सगळ्यात काळी. ओठांभोवती उजळ, कारण माणूस हातातल्या फडक्यानं तोंड पुसतो ते ओठांपासून. गालावरून कानाकडे गेलेला एक फराटा, मनगटाच्या उलट्या बाजूनं घाम टिपल्याचा. मानेच्या वळ्यांत काळ्या रेघा, आणि मान ताणली की त्यांच्यामध्ये गोऱ्या. कानाची पाळी काळी, कानामागे स्वच्छ. आणि पापण्या. पापण्यांच्या मुळाशी बसलेली भुकटी आंघोळीनं जात नाही. साबण डोळ्यांत घालणार कोण? आठवड्याच्या सुटीलाही ती रेघ राहतेच. लहानपणी मला वाटायचं माझे बाबा काजळ घालतात. शाळेत मी एका मैत्रिणीला तसं सांगितलंही होतं, आणि ती म्हणाली होती, माझेसुद्धा.

माजरीत हे असंच होतं. सगळ्यांच्या वडिलांना काजळ.

बाबांच्या डाव्या कोपराखाली एक निळसर रेघ आहे, दोन इंच लांब. जखम झाली, भुकटी आत गेली, वरून कातडी भरून आली. कोळसा आतच राहिला. आजीच्या हातावर गोंदण होतं, तिची निळाई आणि याची निळाई सारखीच. मी ती रेघ पण काढली. प्रेक्षकांतून कोणाला दिसणार नाही हे मला माहीत होतं. तरी काढली, कारण एकदा हाताला सत्याची चव लागली की कुठे थांबायचं ते कळत नाही. हा दोष आहे, मी तो नाकारत नाही.

जलरंग शिकवताना मी पहिल्या तासाला एकच गोष्ट सांगते: पांढरा रंग पेटीत शोधू नका, तो कागदात आहे, राखून ठेवा. पाण्यावरचा उजेड, गाईच्या पाठीवरचं ऊन, हे रंगवायचं नसतं, त्याच्या भोवतीचं रंगवायचं असतं. वीस वर्षं हे मुलांना सांगत आले आणि माझ्याच घरातल्या माणसाचं तोंड काढताना विसरले. भावाला फोन करून सांगितलं, काळं लावू नका, पांढरं राखा.

“म्हंजे?” तो म्हणाला.

मी पट्टीबद्दल सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “पन अमिताभचं तसं नव्हतं.”

हे मी धरून चालले होते. आपल्याकडे खाणकामगार म्हटला की ‘काला पत्थर’. यश चोप्रांचा हा सिनेमा १९७९ साली आला. धनबादजवळच्या चासनाल्यात २७ डिसेंबर १९७५ला खाणीत पाणी शिरून पावणेचारशेच्या आसपास माणसं गेली, त्या घटनेची सावली त्याच्यावर आहे. सिनेमा आमच्या कॉलनीत व्हिडिओवर कितीदा लागला याची मोजदाद नाही. बाबा आणि त्यांचे सोबती तो मन लावून पाहायचे आणि मध्येच कोणीतरी म्हणायचं, याचा बेल्ट कुठी आहे बे? नाटकात खाणवाल्याचं काम करणारा गावातला किराणा दुकानदार होता आणि त्याला अमिताभसारखा छातीवर उघडा शर्ट पाहिजे होता. त्याच्या छातीबद्दल मी काही बोलणार नाही.

कपड्यांचा प्रश्न आईनं सोडवला. गुडघ्यावरचं ठिगळ पाहून ती म्हणाली, “गुडघा कधी फाटला तुझ्या बाबाचा? फाटायची ती कंबर.” आणि ते खरं होतं. पूर्वीच्या कॅप लॅम्पची बॅटरी ॲसिडची असायची. वजनदार डबा, तो कमरेच्या पट्ट्यात मागे अडकवायचा, त्याची वायर पाठीवरून वर हेल्मेटच्या दिव्यापर्यंत. डबा कलला की ॲसिड झिरपायचं. पँटीला मागच्या बाजूनं, खिशाच्या वर, आधी पिवळा डाग पडायचा, मग तो भाग धुण्यात विरायचा, मग मुगाएवढी भोकं. आई तिथे आतून कापड लावून शिवायची. आमच्या घरातली सगळी ठिगळं माणसाच्या पाठीमागे होती. समोरून पाहणाऱ्याला बाबा नीटनेटके दिसायचे.

पात्राला कपडे देताना लोक तो गरीब आहे का श्रीमंत, चांगला आहे का वाईट, हे आधी ठरवतात. मला आता वाटतं, तो दिवसभर काय करतो हे ठरवावं आणि मग कापड कुठे झिजेल ते पाहावं. शिंप्याच्या शर्टाची पाठ नवी राहते आणि पोट झिजतं, मशीनच्या पाटीला घासून. मास्तरांचा उजवा कफ खडूनं पांढरा. आपल्याकडे हे सगळ्यात पक्कं जाणलं होतं ते अमरावतीकडच्या एका माणसानं. गाडगेबाबांनी स्वतःला जो वेश दिला तो पाहा: चिंध्यांचा झगा, हातात खराटा, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीचा तुकडा आणि डोक्यावर मडक्याचं खापर. ते खापर ऊन असलं की टोपी, भूक लागली की थाळी. अंगावरची वस्तू कामाला येत होती म्हणून ती अंगावर होती, आणि लोकांनी माणसाला नाव दिलं ते त्या वस्तूचंच. डेबूजी झिंगराजी जानोरकर हे पाळण्यातलं नाव किती जणांना आठवतं? कोणत्याही ड्रेपरीवाल्याला साधलं नाही असं काम आहे ते.

कोल्हापूरच्या भानू अथैया यांचं नावही त्या दिवसांत माझ्या डोक्यात फिरत होतं. ‘गांधी’ सिनेमासाठी १९८३ साली त्यांना ऑस्कर मिळालं, जॉन मोलो यांच्यासोबत विभागून. भारताच्या वाट्याला आलेलं ते पहिलं. शिक्षण जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये, मूळच्या चित्रकार. २०१२ साली ती बाहुली त्यांनी नीट सांभाळली जावी म्हणून अकादमीकडे परत पाठवली, हेही मला फार आवडतं. वापरलेली वस्तू जागच्या जागी ठेवून देणाऱ्या बाईसारखं. त्या सिनेमातला मुख्य माणूस १८९३ सालच्या सूट-बुटातून सुरू होतो आणि १९४८ सालच्या पंच्यापर्यंत येतो. एकेक कपडा कमी होत जातो, आणि कमी होणाऱ्या कपड्यातूनच माणूस मोठा होत गेलेला दिसतो. वेश करणारीचं अर्धं काम तिथे काढून घेण्याचं होतं. आमचा खाणवाला त्यापुढे किरकोळ आहे, पण त्याच्या बाबतीतही काढून घेण्यातच गंमत होती. निळा शर्ट गेला. घरचा, बटण तुटलेला, बाह्या दुमडलेला शर्ट आला. गळ्यात दुपट्टा राहिला, कारण तो शेतकरी होता तेव्हाही गळ्यात दुपट्टाच असेल. वावर गेलं तरी ते फडकं कोण मागायला येतंय?

मध्ये एक घोटाळा झाला तोही सांगते. पहिल्या अंकात तो शेतकरी असताना त्याला बंडी पाहिजे असं मी लिहून पाठवलं. बंडी म्हणजे अंगातली, खिशांची. आमच्याकडे बैलगाडीलाही बंडीच म्हणतात. मंडळातल्या उत्साही पोरांनी ‘खाणवाला – बंडी – जुनी’ एवढं वाचलं आणि तालमीच्या दिवशी शाळेच्या पटांगणात चाकांसकट बंडी आणून उभी केली. शेवटी ती नाटकात घेतली. पहिल्या अंकाचं सगळ्यात देखणं दृश्य तेच झालं.

कपडे झाले. तोंडं राहिली.

पंधरा भावमुद्रा पुन्हा काढायच्या म्हणून मी बाबांनाच समोर बसवलं. खुर्ची खिडकीशी घेतली, वही उघडली आणि म्हटलं, रागाचं तोंड करा.

“कोनावर?” बाबा म्हणाले.

मी म्हटलं, कोणावर नाही, नुसता राग.

“नुसता कसा येईन?”

वही तशीच मांडीवर राहिली. चित्रकलेच्या तक्त्यांत राग कोणावर नसतो, भीती कशाची नसते, हसू कशाचं नसतं. वर्षानुवर्षं मी मुलांकडून असली पोरकी तोंडं काढून घेतली होती. मी मग विषय बदलला आणि ते आपले बोलत बसले, वणीच्या बाजाराबद्दल, गुडघ्याबद्दल, आणि मी उगाच रेघा मारत राहिले. पाच-सहा चित्रं झाल्यावर लक्षात आलं, एकाही चित्रात ते समोर बघत नाहीत. प्रत्येकात मान जरा डावीकडे, हनुवटी किंचित खाली. जुन्या वह्या काढल्या. कॉलेजात असताना काढलेली त्यांची चित्रं, तीही तशीच. मला वाटायचं ती माझी सवय आहे, मला पाऊण चेहरा काढायला सोपा जातो.

खरं तर ते आमच्याशी नेहमी असेच बोलत आले. मी निकालाचा कागद घेऊन समोर उभी राहायचे, ते कागद पाहायचे आणि बोलताना मान वळवायचे. मनात यायचं, यांना माझ्याकडे बघायचंसुद्धा नाही. लग्नाआधी पाहायला आलेल्या मंडळींनी तर मध्यस्थाला सांगितलं होतं, मुलीचे वडील तिरसट दिसतात, बघून बोलत नाहीत.

“बाबा, तुम्ही बोलताना मान अशी का करता?”

“कशी?”

दाखवलं. त्यांना ठाऊकच नव्हतं. थोडा वेळ विचार करून ते म्हणाले, “लाईट असते ना डोक्यावर. समोरच्याच्या डोळ्यात नाही मारायचा. त्याले मग पाच मिनिटं काही दिसत नाही, तेवढ्यात पाय कुठी पडन सांगता येते का? बोलायचं असन तर मान बाजूले करून बोलायचं.” आणि मग जरा हसून, “खानीत नवा मानूस लगेच ओळखू येते. तो तोंडाकडे पाहून बोलते.”

दिवा लॅम्परूममध्ये जमा करून, पितळी बिल्ला परत घेऊन त्यांना नऊ वर्षं झाली होती. मान वळायची थांबली नव्हती.

भावाला मी कळवलं की पंधरा तोंडं मिळणार नाहीत, एक मान मिळेल. त्याला ते पटायला वेळ लागला, आणि त्याची बाजूही खोटी नव्हती. झाडीपट्टीचा प्रेक्षक हजारांनी बसतो, शेवटचा माणूस धुऱ्यावर उभा असतो. एवढ्या लांबून भुवई दिसत नाही, म्हणून तिथला नट भुवईचं काम हातानं आणि गळ्यानं करतो. आर. के. लक्ष्मण यांचा चौकटीच्या कोटातला सामान्य माणूस १९५१पासून एक शब्द न बोलता नुसत्या चष्म्यावरच्या भुवयांवर निभावला, पण तो वर्तमानपत्रात होता, वाचकाच्या नाकापासून वीतभर अंतरावर. वावरातल्या रंगमंचावर तो गेला असता तर दुसऱ्या प्रवेशात लोकांनी शिट्ट्या मारल्या असत्या. मी भावाला एवढंच म्हटलं, भुवई दिसत नाही, पण दिवा दिसतो ना?

दिवा खरा मिळण्यातला नव्हता. बाबांचं जुनं हेल्मेट होतं, त्याला बाजारातली डोक्याची टॉर्च तारेनं बांधली. बॅटरीचा डबा म्हणून बिस्किटांचा पत्र्याचा डबा कापून काळा रंगवला. इथे मी एक लबाडी केली. डबा पाठीमागे लावला तर प्रेक्षकांना दिसणार नाही, म्हणून चित्रात तो पट्ट्यावर पुढे, पोटाशी दाखवला. बाबांना ते चित्र दाखवलं नाही.

तालमीला मी एकदाच गेले. पंधरा तोंडांचा जुना तक्ता भावानं भिंतीला लावलेलाच होता. फुकट का घालवायचा म्हणून इतर नट तो वापरत होते, आणि खलनायक ‘भेवलेला’समोर उभा राहून गंभीरपणे सराव करत होता. किराणावाल्याला मान वळवून बोलणं जमेना. दुकानदार गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बघून बोलतो, त्याचं पोट त्याच्यावर चालतं. शिवाय हेल्मेटमुळे त्याला प्रॉम्प्टर नीट ऐकू येईना. प्रॉम्प्टर डाव्या विंगेत बसायचा. भावाला युक्ती सुचली, “तिकडंच मान कर ना तू, वाक्य पन ऐकू येईन.” तेव्हापासून त्याची मान अचूक डावीकडे वळू लागली. बाबांची वळते तशीच, आणि हनुवटीही किंचित खाली, शब्द पकडण्यासाठी. अभिनय कुठून येतो याबद्दल भरतमुनींनी पुष्कळ लिहिलं आहे, प्रॉम्प्टरबद्दल मात्र काही सांगितल्याचं मला आठवत नाही.

प्रयोग जानेवारीत होता. बाबांना घेऊन चंद्रपूरला गेले, तिथून चांदा फोर्ट स्टेशनवरून गाडी धरून ब्रह्मपुरी. धान कापलेल्या बांधीत मांडव, खाली तणस अंथरलेलं, लोक चादरी, रजया, लेकरं घेऊन बसलेले. कडेला शेकोट्या. रात्री अकराला पडदा वर गेला. पहिल्या अंकात बंडीला टाळ्या. दुसऱ्या अंकात खाणवाला आला, हेल्मेट काढून त्यानं खाली ठेवलं आणि हॅलोजनच्या उजेडात ती कपाळावरची पांढरी पट्टी लखकन दिसली. मेकअपवाल्यानं ती चोख राखली होती. बायकांच्या बाजूनं कुजबुज उठली. माझ्या शेजारच्या म्हातारीनं विचारलं, “याच्या कपाराले काय झाला वं?” मी सांगितलं. ती पुढे बसलेल्या सुनेला सांगू लागली, सून तिच्या पुढच्या बाईला. माझ्या डोळ्यांसमोर ती पट्टी मांडवभर फिरत गेली.

बाबा काही बोलले नाहीत. खाणवाला बायकोशी मान वळवून बोलत होता आणि ती चिडून म्हणत होती, “माझ्याकडं पाहा ना जरा!” हे वाक्य भावाचं. मी त्याला मानेबद्दल सांगितलं होतं, बायको चिडेल हे त्याचं त्यानं ओळखलं. त्यासाठी त्याला शंभर गुन्हे माफ आहेत. मी चोरून बाबांकडे पाहिलं. ते मफलर कानावरून घट्ट करत होते.

तिसऱ्या अंकात सगळे दिवे घालवले. भुयाराचा पडदा नव्हता म्हणून जंगलाचाच होता. अंधारात काय फरक पडतो? नुसता हेल्मेटचा दिवा. खाणवाला बोलत राहतो आणि उजेडाचा गोल समोरच्याच्या कानाजवळून, पडद्यावरच्या झाडांवर पडत राहतो. मग कागद घेऊन साहेब येतो. उरलेला तुकडाही जाणार, सही कर, असं काहीतरी. लांबलचक भाषण आहे साहेबाचं, भावाला भाषणं आवडतात. ते संपतं. खाणवाला काही बोलत नाही. त्याची मान हळूहळू सरळ होते. गोल झाडांवरून सरकत साहेबाच्या खांद्यावर येतो, गालावर येतो आणि डोळ्यांवर थांबतो. साहेब हातानं डोळे झाकतो, एक पाऊल मागे जातो, दुसरं कुठे टाकायचं ते त्याला कळत नाही. खाणवाल्याचा चेहरा या सगळ्या वेळात काळोखात आहे. तिथे मी कुठलं तोंड काढणार होते?

मांडव गप्प होता. शेकोटीतलं लाकूड तडकलेलं ऐकू आलं. मी बाबांकडे वळले तर ते रजई ओढून गाढ झोपले होते.

परतीच्या गाडीत खिडकीशी बसून त्यांनी चहा घेतला. बाहेर धुकं होतं, बांध्यांत रात्रीचं दव. दुसऱ्या अंकानंतर डोळा लागला, असं ते स्वतःहूनच म्हणाले. मग बऱ्याच वेळानं:

“मग? वावर भेटलं का त्याले?”

“नाही.”

“मग केलं काय त्यानं?”

“समोरच्याच्या डोळ्यांत लाईट मारला.”

त्यांनी कप खाली ठेवला. “जानून?”

“हो. जाणून.”

नागभीड गेलं. सिंदेवाही आलं, फेरीवाले चढले, उतरले. बाबा खिडकीबाहेर बघत होते की नुसतीच मान तिकडे होती, ते मला सांगता येणार नाही. मूल सोडून गाडी जंगलात शिरली तेव्हा ते म्हणाले,

“डबा मात्र पोटावर होता त्याच्या. मागं पायजे. वाकता नाही येत.”

आणि मफलर डोळ्यांवर ओढून पुन्हा झोपले.